ऊर्मी चवथीला कुठं जाते?

पत्र

मावशी,

तुमचं सदर आमच्या घरी बाबा वाचायचे, आता मी वाचते. मी केपे तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वय एकेचाळीस, लग्न झालेलं नाही. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आहे, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. बाबा निवृत्त मास्तर. गावात मी अजूनही 'मास्तरांची चली', म्हणजे मास्तरांची मुलगी. बँकेत, पंचायतीत, अगदी माझ्या स्वतःच्या शाळेतसुद्धा.

गेली दोन वर्षं रात्री बसून मी एक लघुकादंबरी लिहिली. नायिका ऊर्मी, चौतीस वर्षांची, पणजीला फ्लॅटवर एकटी राहते. तिला आईवडील नाहीत, भावंडं नाहीत, नवरा नाही, प्रियकरही नाही. कुणाचीच मुलगी, बहीण, बायको नसलेली बाई मला मुद्दाम लिहायची होती. नाती काढून टाकली की माणसातलं खरं जे असेल ते दिसेल, असं वाटलं. वाचनालयातल्या एका जाणत्या गृहस्थांना वाचायला दिली. ते म्हणाले, "भाषा चांगली आहे, पण बाई पोकळ आहे. हिला एखादा पुरुष दे, नाहीतर मूल तरी दे." मला राग आला. चार दिवसांनी पुन्हा वाचली, तर पोकळ आहे खरी.

मग कथेतल्या माणसाला नात्यांशिवाय ओळखच नसते का? आणि तसं असेल तर... जाऊ दे. सोबत पहिली तीन प्रकरणं आणि पुढचा आराखडा पाठवते. अक्षराबद्दल माफ करा. बाबा हल्ली रात्री मला 'माई' म्हणून हाका मारतात (ते त्यांच्या आईला माई म्हणायचे), त्यामुळे लिहिता लिहिता उठावं लागतं.

– मास्तरांची चली


उत्तर

बाय,

मावशी म्हटलंस, तेव्हा मी तुला 'तू'च म्हणणार. तिन्ही प्रकरणं वाचली. एकदा अंथरुणात पडून आणि दुसऱ्यांदा टेबलाशी बसून, पेन्सिल घेऊन.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. ऊर्मीला पुरुष देऊ नकोस. मूलही नको. त्या गृहस्थांनी नाडी बरोबर पकडली आणि औषध चुकीचं दिलं. आमटी पाणचट झाली की वाटपाचं खोबरं वाढवायचं, तसं कथा पातळ झाली की नायिकेचं लग्न लावायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. त्यानं आमटी दाट होते, चव येतेच असं नाही. चौथ्या प्रकरणात आणून बसवलेल्या त्या पुरुषाचं काय करायचं हे तुलाही कळणार नाही, आणि तो बिचारा शेवटपर्यंत सोफ्यावर पेपर वाचत राहील.

आता पोकळपणाकडे येऊ. पहिल्या प्रकरणात ऊर्मी उठते, चहा करते, खिडकीतून मांडवी बघते, स्कूटरवरून ऑफिसात जाते, संध्याकाळी परत येते, पुस्तक वाचते, झोपते. मांडवीचं वर्णन सुरेख. भरती लागल्यावर पाण्याचा रंग बदलतो ते वाक्य मी दोनदा वाचलं. पण अख्ख्या दिवसात तिचा फोन एकदाही वाजत नाही. पणजीत! कर्ज घ्या म्हणून सांगणाऱ्या मुलीचासुद्धा नाही. खालच्या मजल्यावरची बाई तिला "आज उशीर?" असं विचारत नाही. दारावरच्या पाटीवर नुसतं 'ऊर्मी' आहे. तिथं मी समासात लिहिलं: हे नाव हिला कुणी ठेवलं?

खरंच विचार कर. बारशाला कुणीतरी पाळण्यात वाकून तिच्या कानात 'कुर्र' केलं असेल. अनाथाश्रमात वाढली म्हणशील, तर तिथल्या रजिस्टरात कुणीतरी ते नाव लिहिलं असेल, आणि लिहिणारीला हेच नाव का सुचलं याचीही काही गोष्ट असेल. आपल्या नावाच्या मधोमध तर बाप बसलेला असतो, लग्नानंतर तिथं नवरा येऊन बसतो. ऊर्मी नोकरीला लागली तेव्हा फॉर्मवरच्या मधल्या रकान्यात तिनं काय भरलं? रेघ मारली? कारकुनानं मान वर करून बघितलं? आपल्या तेरेखोलच्या पलीकडे, शिरोड्याला, १९२० पासून अठरा वर्षं मास्तरकी करणारे वि. स. खांडेकर जन्मले तेव्हा गणेश आत्माराम होते. दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. स्वतःचं नाव बदललं, बापाचं नाव बदललं, आडनाव तेवढं तेच राहिलं. एका माणसाला एकाच आयुष्यात असं दोनदा नाव मिळालं तर आतून काय होत असेल, यावर कादंबरी उभी राहू शकते. तू ती जागा एका पाटीनं झाकून टाकलीस.

तुझी चूक कुठं झाली असं मला वाटतं, सांगते. तू नात्यांना दागिने समजलीस. अभिषेकाच्या वेळी देवाचे दागिने उतरवतात, मग आतली काळी मूर्ती दिसते, तसं काही दिसेल म्हणून वाट बघत बसलीस. पण नातं अंगावर घातलेलं नसतं, ते हातापायांत मुरलेलं असतं. चहा गाळताना ऊर्मी गाळणी दोनदा आपटते असं तू लिहिलं आहेस. माझी पेन्सिल तिथंही थांबली. ती गाळणी आपटायला तिनं कुणाचं बघून शिकलं? तीन प्रकरणांत तिच्या जिवंतपणाची तेवढी एक खूण मला सापडली, आणि ती तुझ्याही नकळत आलेली. बहुधा तुझ्या आईची असेल.

महाभारतातली माणसं बघ. प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, पण हाका नात्याच्या. पार्थ म्हणजे पृथेचा, गांगेय म्हणजे गंगेचा. द्रौपदीला कृष्णा हे स्वतःचं नाव असून ती आपल्या तोंडी द्रुपदाची मुलगी म्हणूनच राहिली. कर्णाला तर दोन हाका, कौंतेय आणि राधेय. युद्धाच्या आधी कृष्ण त्याला जन्माचं सगळं सांगतो, राज्य पुढं करतो. मागोमाग खुद्द कुंती येते. आणि कर्ण सांगतो की सूताच्या घरी ज्यांनी वाढवलं तेच माझे आईबाप. त्याला नातं नको होतं असं नाही. दोन नात्यांतलं कुठलं घ्यायचं ते त्यानं ठरवलं, आणि राज्यावर पाणी सोडून ठरवलं. ऊर्मीला तू ठरवायला काही ठेवलंच नाहीस. तिच्या ताटात तू वाढलंच नाहीस, मग ती काय टाकून उठली ते मला कसं कळणार?

आता खरा प्रश्न. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मोठ्या अक्षरात लिहिला आहे, तुझ्या कागदावर लिहिल्याबद्दल माफ कर. आराखड्यात तुझी कथा जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते. मध्ये चवथ येते. ऊर्मी चवथीला कुठं जाते?

तू पावसाळ्यावरून थेट दसऱ्यावर उडी मारलीस. का मारलीस ते लगेच कळलं. चवथीला पणजी रिकामी होते. आदल्या दिवशी बसेस भरून गावांकडे जातात, बाजारात चिबूड, सुपारीचे घड आणि रानातली फळं गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी मांडलेली असतात, आणि संध्याकाळपर्यंत इमारतींमध्ये कुलपंच कुलपं. बहुतेकांचा गणपती फ्लॅटवर नसतो, मूळ घरी असतो. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले चुलते त्या दिवशी एकाच माटोळीखाली आरतीला उभे राहतात. बोलत नाहीत, पण टाळ वाजवतात. अशा दिवशी बारा फ्लॅटच्या इमारतीत एकाच खिडकीत दिवा असला, तर तो दिवा सगळं सांगतो.

म्हणजे बघ हं, मी तुझी गोष्ट लिहीत नाही, नुसतं बोलते आहे. आदल्या दिवशी वॉचमन विचारतो, "मॅडम, गावाला नाही गेलात?" आणि ऊर्मीच्या तोंडून निघून जातं, "उद्या सकाळी जाणार." कशाला खोटं बोलली ती? वॉचमनशी तिचं काय देणंघेणं? पण आता बोलून बसली आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी दिवसभर घरात गुपचूप. खिडक्या बंद. संध्याकाळी दिवा लावता येत नाही. मिक्सर लावता येत नाही. स्कूटर खालीच आहे हे दुपारी आठवतं आणि छातीत धस्स होतं. अंधारात बसून ती लांबच्या कुठल्यातरी आरतीचे आवाज ऐकते. त्या एका खोट्यात ऊर्मी मला दिसायला लागते. कुणीही नसलेली बाई आणि कुणीही नाही हे लपवावं लागणारी बाई यांत फार अंतर आहे. दुसरीची गोष्ट होते.

चार दिवसांनी शेजारीण परत येते. स्टीलच्या डब्यातून नेवऱ्या आणून देते. डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हे ऊर्मीला माहीत आहे. कुठून? आता तुला तिच्या बालपणावर दहा पानं लिहायची गरज उरली का? ती साखरेचा डबा उघडते तेवढं लिही. मागे कुठंतरी एक स्वयंपाकघर आहे, एक बाई आहे, ती आता नाही, हे सगळं वाचणाऱ्याला त्या चमच्यात मिळतं.

दुसरी एक गोष्ट खास आपल्या गोव्याची. इथं नाती मनातून काढता येतात, कागदावरून नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे आईबाप मुलांना सहजासहजी वारशातून वगळू शकत नाहीत. निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखलेली असते, आणि मुलगा-मुलगी असा भेद नाही. २०१६ पासून गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा लागू झाला, पण हे तत्त्व त्यानंही ठेवलं. म्हणून तर पडकं घर विकायला काढलं की कुठं कुठं पांगलेल्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. एक लिस्बनला, एक दुबईला, एक गिरगावात, एकाचा पत्ताच नाही, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात लोंबकळते. ऊर्मीला आईवडील नाहीत, ठीक. त्यांना तर होते? मग सांगे नाहीतर काणकोणकडच्या कुठल्यातरी घराच्या बाराव्या हिश्शात हिचं नाव असणारच.

एक दिवस दारात एक अनोळखी म्हातारे गृहस्थ येतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "मी तुझ्या बापाचा चुलतभाऊ. एक सही हवी होती." ते आत येत नाहीत, चप्पल काढू की नको असं करत उंबऱ्याशी थांबतात. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतात, कारण त्यात त्यांना कुणीतरी दिसतं आहे. कोण, ते सांगत नाहीत. ऊर्मीला ते घर नको, पैसेही नकोत. सही करायला हरकत काहीच नाही. पण सही केली की या जगात तिला शोधत कुणी यायचं कारण संपलं. नाही केली तर ते गृहस्थ पुन्हा येतील. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात. मी ऊर्मी असते तर पेनात शाई नाही म्हणाले असते.

(तशीच आपल्याकडची आणखी एक अधांतरी अवस्था. नोंदणी कार्यालयात दोन्ही सह्या झाल्या आणि नंतर मांडव पडलाच नाही. कायद्यानं बायको, घरच्यांसाठी कुमारिका. मी तुला पुरुष देऊ नको म्हटलं, म्हणून ही वाट इथंच सोडते. पण कधीतरी कुणीतरी लिहायला हवी.)

तू शाळेत मुलांना रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट सांगत असशील. १७१९ सालचं पुस्तक, एकटेपणाची गोष्ट म्हणून जगभर गाजलेलं. आपल्याला झोपडी आठवते, शेळ्या आठवतात, वाळूतलं पाऊल आठवतं. त्यात एक पोपटही आहे, पोल नावाचा. क्रूसो त्याला बोलायला शिकवतो, आणि शिकवतो काय? स्वतःचं नाव. पुढं एकदा होडी घेऊन बेटाला वळसा घालायला निघतो, प्रवाहात सापडतो, कसाबसा किनाऱ्याला लागतो आणि दमून रानातल्या आपल्या दुसऱ्या निवाऱ्यात झोपतो. अर्धवट झोपेत त्याला ऐकू येतं, कुणीतरी नाव घेऊन विचारतंय, बिचाऱ्या रॉबिन क्रूसो, कुठं होतास तू? दचकून उठतो. कुंपणावर पोपट. म्हणजे जिथं मेलं माणूस नाही, तिथं त्यानं आधी आपल्याला हाक मारणारं कुणीतरी तयार केलं, आणि हाकेत कीव घालायलाही शिकवली! मला हे फार हसू येण्यासारखं वाटतं, आणि फार खरं वाटतं. ऊर्मीचा पोपट कोण? शोध. गॅस सिलिंडर आणणारा मुलगा असेल, ऑफिसातला शिपाई असेल. एकच पुरे.

एक पुरे म्हणते त्याला कारण आहे. नात्यांचा आकडा वाढवून माणूस भरत नाही. ह. ना. आपट्यांची यमुना आठव. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः येऊ लागली, आणि ती सगळी यमुनेच्या 'मी'नं सांगितलेली आहे. माहेर, सासर, माणसांची नुसती दाटी. पण त्या 'मी'ला मोकळा श्वास मिळतो तो मुंबईच्या बिऱ्हाडात, शिकवणारा, वाचायला देणारा, बरोबरीनं बोलणारा नवरा भेटतो तेव्हा. तो जातो. एकच माणूस जातो, बाकी सगळी नाती जागच्या जागी असतात. आणि ती जागच्या जागी असलेली नातीच तिचं केशवपन करतात. तिला घरातलं कुणी 'आता तू कोण' हे विचारत नाही, न्हाव्याला बोलावून सांगतात. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, ते प्रकरण मी अजून एका बैठकीत वाचू शकत नाही. तर नातं असणं-नसणं हा हिशेब इतका सरळ नाही, बाय. कुठलं गेलं आणि कुठली राहिली, हे बघावं लागतं.

(याच्या उलट दोषाबद्दल बोलायला नको. रोज रात्री टीव्हीवर बघतेस. थोरली सून, धाकटी सून, आत्या. कुणाला नावानं ओळखायची गरज पडत नाही.)

माझंच सांगते. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. मडगावच्या बाजारात माझी मासळीवाली ठरलेली. दोघं होतो तेव्हा मी तिच्याकडून बांगड्यांचा एक वांटो, म्हणजे वाटा, घ्यायची. ते गेल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पहिल्यांदा बाजारात गेले. तिनं काही विचारलं नाही. वांट्यातले चार बांगडे पिशवीत टाकले, उरलेले परत टोपलीत ठेवले आणि पैसे अर्धे सांगितले. मीही काही बोलले नाही. घरी भेटायला आलेली माणसं तोवर काय काय बोलून गेली होती, त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही. ते चार बांगडे आठवतात. मी आता कोण झाले ते मला त्या पिशवीच्या वजनावरून कळलं. पुढं वर्षभरानं एकदा भाचा राहायला यायचा होता म्हणून मी पूर्ण वांटो मागितला, तर ती हसून म्हणाली, "आज कोण आयलां गो?" तिला एवढं माहीत होतं. माझ्या सख्ख्या जावेला माहीत नव्हतं.

म्हणून म्हणते, जो नाही त्याला कथेत वजन दे. १९३८ सालच्या 'रेबेका' या इंग्रजी कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या तरुण बायकोला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मात्र पुस्तकावर आहे, तिची आद्याक्षरं रुमालावर आहेत आणि तिचं अक्षर लिहिण्याच्या टेबलावर आहे. नसलेलं माणूस घरभर, असलेलं माणूस बिननावाचं. आपल्याकडे दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' आहे, कोंकणीत, १९८१ ची. मुलीसाठी म्हणून ती मुलीला इथं सोडून कुवेतला जाते आणि तिथं परक्यांची मुलं सांभाळते. आई असण्याची किंमत आई म्हणून जवळ नसण्यानं मोजते. तुझ्या गावातही विमानातून गेलेली चार घरं असतील, तुला हे सांगायला नको. तुझ्याच घरात स्विंडनचा रविवार आहे.

आणि आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. 'आणि तसं असेल तर... जाऊ दे.' जाऊ देत नाही मी.

तू ऊर्मीबद्दल विचारत नव्हतीस, निदान फक्त तिच्याबद्दल नाही. रात्रीतून दोन-तीनदा उठणाऱ्या बाईनं एक अशी बाई लिहिली जिला रात्री कुणी उठवत नाही. जिचा फोन वाजत नाही. जिला गावात कुणी कुणाची चली म्हणत नाही, कारण तिला गावच नाही. बाय, ऊर्मी तुझी नायिका नाही, ती तुझी रजा आहे. शाळेतून मिळत नाही ती. अशी रजा हवीशी वाटण्यात काही पाप नाही, मला स्वतःला कितीदा वाटली आहे. पण रजेत माणसाला काही होत नाही, म्हणून तर ती रजा. आणि ज्या माणसाला काही होत नाही त्याची गोष्ट वाचताना वाचणारा घड्याळ बघतो.

तेव्हा आधी खरी रजा मिळव, कादंबरीतली नंतर. येत्या रविवारी भावाला नेहमीसारखं "सगळं बरं आहे" म्हणू नकोस. आठवड्यातल्या तीन रात्री बाबांजवळ बसायला बाई ठेवायची आहे, तिचे पैसे तू पाठव, असं आकडा सांगून बोल. पुढं सुट्टीवर येशील तेव्हा पंधरा दिवस तू बघ आणि मी जाते, हेही. कुठं जाणार ते त्याला सांगायची गरज नाही. आणि बाबांना डॉक्टरांकडे ने. माणसं ओळखण्यात गल्लत होत असेल, ती रात्रीच वाढत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये. विसराळूपणाच्या आजारात संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो हे खरं, पण कधी कधी लघवीचा जंतुसंसर्ग किंवा एखादं नवीन औषधही असं करतं, आणि ते उपचारानं सुधारतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जा, गेल्या काही महिन्यांत नेमकं काय काय बदललं ते तारखांसह लिहून घेऊन जा. मास्तरांच्या मुलीला टिपण काढायला मी काय शिकवणार.

'मास्तरांची चली' या नावाचा तुला काच होतो, ते समजतं. फक्त एक बघ. वाटेल ते टोपणनाव घ्यायची मुभा होती. मी कुणाचं खरं नाव छापत नाही हे तुला माहीत आहे. सही करताना तू तेच घेतलंस. रागानं घेतलंस की सवयीनं, की आणखी कशानं, ते तुझं तू ठरव. मी त्यावर काही म्हणत नाही.

राहिली तुझी कादंबरी. ऊर्मीला फेकू नकोस, कपाटात ठेव. चवथीला तिला कुठं पाठवायचं ते सुचलं की काढ. त्याआधी मला दुसरंच काही वाचायचं आहे. तीन प्रकरणं आणि दोन पानांचं पत्र, एवढ्या सगळ्या मजकुरात ज्या ओळीवर मी पेन्सिल खाली ठेवली, ती तू अक्षराची माफी मागताना कंसात लिहिली आहेस. दिवसा तू त्यांची मुलगी. रात्री दिवा मालवला की त्यांची आई. माई कशी होती, तू तिला पाहिलं होतंस का? ती त्यांच्यावर ओरडायची, की जवळ घ्यायची? ते 'माई' म्हणतात ते मोठ्यानं, की पोरं भूक लागल्यावर म्हणतात तसं हळू? तू उठून जातेस, पाणी देतेस, चादर सारखी करतेस. आणि त्या हाकेला काय म्हणतेस? "माई नाही, मी आहे" म्हणतेस, की नुसतं "ओ" देतेस?

ते पत्रात नाही. लिहून पाठव. अक्षर कसंही चालेल.

– मावशी